१९९९च्या संगणकातली पत्रं बाहेर काढताना

इंदूरच्या रामबाग भागातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात १९९९ साली घेतलेला एक संगणक २००६पासून पोटमाळ्यावर पडून होता. या वर्षी जानेवारी ते जून अशा सहा महिन्यांत तो रिकामा केला. त्यातून ३,६२५ ई-मेल पत्रं, ३८ फ्लॉपींवरचा मजकूर आणि ब्राउझरने साठवून ठेवलेली बरीच वेबपानं वाचवता आली. सुरुवात कुठून करायची हे सांगणारं मराठीत काहीच हाती लागलं नाही, म्हणून जे ज्या क्रमाने घडलं ते तसंच लिहिते आहे. असा डबा कुणाच्या घरी, शाळेत, मंडळात असेल तर उपयोगी पडेल.

१२ जानेवारीला, रविवारी, छप्पर दुरुस्तीसाठी पोटमाळा मोकळा केला. अटाल्याच्या, म्हणजे भंगाराच्या, ढिगात संगणक, पंधरा इंची जाड मॉनिटर, संगणक फोनच्या लाइनला जोडणारं ५६केचं (सेकंदाला ५६ हजार बिटांचं) बाहेर ठेवायचं मोडेम, चपलांच्या खोक्यात ४३ फ्लॉप्या आणि एक लांबट हिरवी वही निघाली. वहीवर लिहिलं होतं, ‘इंटरनेट वही’. अटालेवाला खाली उभाच होता आणि सगळ्याचे मिळून साडेचारशे रुपये द्यायला तयार होता. वही उघडली नसती तर ते गेलंही असतं.

त्या वहीत तारीख, नाव, सुरू, बंद, मिनिटं, रुपये, शेरा असे रकाने होते. दर मिनिटाला एक रुपया, छापील पान पाच रुपये. शेऱ्याच्या रकान्यात ‘लाइन तुटली, पुन्हा लावली’, ‘मुलाला पत्र, वाचून दाखवलं’, ‘निकाल पाहिला’, ‘लाइन आली नाही, पैसे परत’. घरात संगणक नसलेले पेठेतले लोक इथे येऊन परदेशातल्या, पुण्या-मुंबईतल्या मुलांना पत्रं पाठवत, त्याचा सात वर्षांचा हिशेब.

ही पत्रं आज कुठल्याच सर्व्हरवर नाहीत, आणि त्याचं कारण त्या काळच्या दरांत आहे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते महानगरांत. वेग ९.६ केबीपीएस, आणि व्यक्तीला २५० तासांचे ५,००० रुपये. इंदूरसारख्या शहरांपर्यंत यायला त्याला वेळ लागला. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर तासांचे दर उतरू लागले, पण फोनचा मीटर वेगळा पळायचाच. तीन मिनिटांच्या पल्सला, म्हणजे मीटरच्या एका टप्प्याला, १ रुपया २० पैसे धरले तर तासाला २४ रुपये नुसते फोनचे. म्हणून सगळे एकच पद्धत वापरत: पत्र लाइन बंद असताना लिहायचं, मग जोडायचं, लिहिलेलं पाठवायचं, आलेलं उतरवून घ्यायचं आणि लगेच तोडायचं. सर्व्हरवरची टपालपेटी इवलीशी असल्यामुळे उतरवलेलं पत्र तिथून पुसलं जायचं. म्हणजे एकच प्रत, आणि ती या एका डिस्कवर.

म्हणून पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: असा संगणक मिळाला की तो चालू करून पाहू नका. मोह फार होतो. आमच्याकडेही वायर लावायला दोघं पुढे झाले होते. एकोणीस वर्षं पडून असलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात, त्यातून येणारा विजेचा वेडावाकडा दाब डिस्कला मारू शकतो. दाब नीट आला तरी विंडोज ९८ला मागच्या वेळी नीट बंद केलं नसल्याचं दिसलं की ते स्वतःहून स्कॅनडिस्क हे डिस्क दुरुस्तीचं साधन चालवतं आणि डिस्कवर लिहायला लागतं. आउटलुक एक्स्प्रेस हे विंडोजमधलं ई-मेलचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते फोल्डर आवळायला घेतं, आणि त्यात पुसलेली पण अजून शिल्लक असलेली पत्रं कायमची जातात.

१९ जानेवारीला कार्यकारिणीची बैठक होती. ठराव घेतला तो असा: डिस्कची प्रत काढायची, वाचनालयाचा पत्रव्यवहार अभिलेख म्हणून ठेवायचा, वाचकांची खाजगी पत्रं विषयाच्या ओळीपलीकडे उघडायची नाहीत, ती लिहिणाऱ्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हाती द्यायची. शेवटचं कलम घालायला तासभर चर्चा झाली. खजिनदार काकांचं म्हणणं, सगळं पुसून टाकावं. ते चूक नव्हतं, लोकांनी ही पत्रं विश्वासाने लिहिली होती. पण पुसणं नंतरही करता येतं, परत आणता येत नाही, यावर शेवटी एकमत झालं. संस्था नोंदणीकृत असेल तर हा ठराव आधीच लिहून घ्या. पुढे संगणक डेडस्टॉकमधून, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून, कमी करताना तोच जोडावा लागतो.

२५ जानेवारीला संगणकाची पेटी उघडली. आत धूळ, उंदरांनी कुरतडलेली एक वायर, मदरबोर्डवर तीन फुगलेले कपॅसिटर. डिस्क ४.३ जीबीची, चाळीस पिनांची आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची. चार स्क्रू काढले की बाहेर येते. काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, विशेषतः मागच्या जंपरचा (पिनांवर बसवलेली इवलीशी टोपी).

आता तिला आजच्या लॅपटॉपला जोडायचं. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये तीन दुकानं फिरल्यावर अडॅप्टर मिळालं, ८५० रुपयांना. पहिल्या दुकानात ‘मैडम, आयडीई का जमाना गया’ म्हणून साटाचं, म्हणजे नव्या जोडणीचं, दिलं होतं. ते चालत नाही. चाळीस पिनांचं तोंड आणि सोबत बारा व्होल्टचा वेगळा पॉवर अडॅप्टर, या दोन्ही गोष्टी खोक्यात आहेत ना ते बघूनच पैसे द्या. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. जंपर मास्टरवर ठेवायचा. चपटी केबल वापरणार असाल तर तिची लाल कड पॉवरच्या तोंडाकडे येते. पिना वाकड्या असतील तर जोर लावू नका, शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीच्या पोकळ टोकाने एकेक सरळ होते.

प्रत म्हणजे फाइली ओढून घेणं नव्हे. डिस्कचा कण न् कण एका मोठ्या फाइलीत उतरवायचा, तिला इमेज म्हणतात. त्यासाठी विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही प्रणाली चालू केली आणि डीडीरेस्क्यू हे साधन वापरलं. फुकट आहे आणि याच कामासाठी बनवलेलं आहे. विंडोजवर डिस्क लावायची नाही, ते ‘डिस्क दुरुस्त करू का’ विचारतं आणि कुणीतरी हो म्हणतं. डीडीरेस्क्यूला सोबत एक मॅप फाइल द्यायलाच हवी. कुठला भाग वाचला, कुठला राहिला हे त्यात नोंदलं जातं, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. आणि पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायच्या नाहीत असं त्याला सांगायचं. डिस्क मरायला टेकलेली असेल तर चांगला भाग आधी हाती येऊ दे, हट्ट नंतर.

१ फेब्रुवारीला संध्याकाळी सुरू केलं. डिस्क फिरली, दोनदा टक-टक केलं आणि वाचायला लागली. चौदा मिनिटांत पहिली फेरी संपली, ११ एमबी वाचायचे राहिले. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खराब जागेवर तीनदा प्रयत्न करायला सांगितलं. ते रात्रभर चाललं. डिस्क गरम होत होती म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून टेबलफॅन लावला. सकाळी २१२ केबी उरले होते. तिथे थांबलो. इमेजचा शा-२५६ आकडा काढून ठरावाच्या कागदावर लिहून ठेवला, पुढे कधीही प्रत तीच आहे का हे त्यावरून ताडता येतं. एकूण दोन पेन ड्राइव्हवर प्रती, एक वाचनालयाच्या कपाटात, एक दुसऱ्या घरी.

इमेज उघडताना बहुतेक जण अडतात. सरळ उघडायला गेलं की ‘फाइल सिस्टिम ओळखता येत नाही’ असं येतं आणि डिस्क मेली असं वाटतं. डिस्कच्या सुरुवातीला विभाजनाचा तक्ता असतो, खरा मजकूर त्या काळच्या डिस्कवर बहुधा त्रेसष्टाव्या सेक्टरपासून सुरू होतो. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे ६३ गुणिले ५१२, ३२,२५६ बाइट सोडून पुढून उघडा असं सांगायचं. आणि फक्त वाचण्यासाठी उघडायची.

पत्रं शोधायला विंडोजच्या फोल्डरात अ‍ॅप्लिकेशन डेटा, त्यात आयडेंटिटीज, मग लांबलचक आकड्यांचं एक फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि शेवटी आउटलुक एक्स्प्रेस. तिथे आलेली, पाठवलेली अशा प्रत्येक टपालपेटीची एक डीबीएक्स फाइल असते. ही आवृत्ती ५ आणि पुढची. मूळ विंडोज ९८बरोबर आवृत्ती ४ यायची, तिच्या फाइली एमबीएक्स नावाच्या असतात आणि दुसऱ्या फोल्डरात राहतात. आमच्याकडे दोन्ही सापडल्या, कारण मध्ये कुणीतरी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून नवी आवृत्ती टाकली होती. डीबीएक्ससाठी अनडीबीएक्स नावाचं छोटं साधन आहे. ते प्रत्येक पत्राची सुटी ईएमएल फाइल करून देतं, आणि त्याची दुरुस्तीची रीत वापरली तर पुसलेल्यांपैकीही काही परत मिळतात. आलेली २,१४०, पाठवलेली १,२६५, मसुदे ३१, पुसलेल्यांतून १८०, आणि आउटबॉक्समध्ये नऊ. सुटी पत्रं थंडरबर्ड या ई-मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये एका अ‍ॅड-ऑनने एकदम घेता येतात, मग शोध, क्रम सगळं सोपं.

तारखांवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ १९८०वर जातं, आणि पाठवलेल्या पत्रावर तीच तारीख बसते. आलेल्या पत्राच्या डोक्यावर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने आपापली वेळ लिहिलेली असते, ती खरी धरायची, आणि ती ग्रीनिच वेळेत असेल तर साडेपाच तास मिळवायचे. पाठवलेल्यांवर असा शिक्का नसतो. तिथे हिरवी वही कामी आली. २००२च्या पावसाळ्यातली ८६ पत्रं १९८०ची दिसत होती. वहीतलं नाव आणि ओळीने लिहिलेली वेळ पाहून त्यातली ७९ जागेवर बसली. वही, बिलं, पावत्या असं कागदी काही सोबत सापडलं तर डिस्कइतकंच जपा.

मोडेमच्या नोंदीची एक फाइलही मिळाली. १७२ने सुरू होणारा सहा आकडी नंबर फिरवल्याची ओळ आणि खाली ‘कनेक्ट ३१२००’. ५६केचं मोडेम असूनही जोड ३१,२०० बिटांवरच लागत होती. ५६के गाठायला फोनच्या वाटेत ध्वनीचं अंकांत रूपांतर एकदाच व्हावं लागतं. मधल्या एक्स्चेंजमध्ये ते दुसऱ्यांदा झालं की मोडेम गुपचूप जुन्या पद्धतीवर उतरतं. ३१,२०० म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साडेतीन केबीच्या आत. एक एमबी यायला पाच मिनिटं, दोन पल्स.

त्या आउटबॉक्समधली नऊ पत्रं का अडकली हे कळायला दोन दिवस गेले. पत्ते बरोबर होते. कारण असं: आउटलुक एक्स्प्रेसमध्ये पत्र ज्या खात्यातून लिहिलं त्याच्याशी बांधलेलं असतं. एका कंपनीचे तास संपले, वाचनालयाने दुसऱ्या कंपनीचं खातं घेतलं आणि जुनं काढून टाकलं. जुन्या खात्यात लिहून ठेवलेली नऊ पत्रं तिथेच राहिली. पुढे शेकडो वेळा जोडणी झाली, ही काही हलली नाहीत. आउटबॉक्स आणि ड्राफ्ट्स ही फोल्डरं म्हणून वेगळी बघाच.

त्यातलं एक पत्र आता त्या घरच्यांच्या परवानगीने सांगते. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी, चार ओळी. ‘बाळाचा फोटो उघडला, पण अर्धाच आला. कपाळ आणि जावळ दिसलं. आईने तेवढंच पाहिलं. लहान करून पुन्हा लाव.’ वहीत त्याच दिवशी: ‘फोटो, ११ मिनिटं, लाइन गेली, ११ रुपये’. मुलाने फोटो कुठल्याशा वेबपानावर लावला असणार, कारण तो टपालात नव्हता. टेंपररी इंटरनेट फाइल्सच्या फोल्डरात ७८० केबीचा एक जेपीजी मिळाला. वरचा भाग स्वच्छ, पाळण्याच्या झालरीपर्यंत, आणि खाली एकसारखा राखाडी पट्टा. जेपीजी साधारणपणे वरून खाली साठवलेला असतो, जितका आला तितका दिसतो. ते बाळ आता पंचविशीत आहे. आजीआजोबा राहिले नाहीत. मार्चमध्ये घरच्यांना बोलावून पत्र, फोटो आणि वहीतल्या त्या ओळीची छायाप्रत दिली. त्यांनी मूळ फोटो शोधून काढला आणि त्याची एक प्रत आमच्याकडे आणून दिली. नऊपैकी तीन पत्रांच्या घरांचा असा पत्ता लागला. बाकी सहा बंद पाकिटात आहेत, नावं सूचनाफलकावर न लावता जुन्या सभासदांना विचारणं चालू आहे.

फ्लॉपींचं थोडक्यात. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह १,४५० रुपयांना मागवला. घालण्याआधी प्रत्येक फ्लॉपीची पत्र्याची खिडकी सरकवून उजेडात तबकडी फिरवून बघा. माळव्यातले पावसाळे खाल्लेल्या तबकडीवर पांढरे ठिपके असतात, ती बुरशी. एक बुरशी लागलेली फ्लॉपी घातली की वाचणाऱ्या डोक्याला ती चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडा पाडते. आमच्या हातून चौथ्याच फ्लॉपीला हे झालं. डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं आणि तिथून पुढे ठिपकेवाल्या सगळ्या शेवटाला ठेवल्या. ४३पैकी ३१ पूर्ण, ७ अर्धवट, ५ गेल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मराठीने. विंडोज ९८मध्ये देवनागरीची आजच्यासारखी सोय नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण विंडोजमध्ये ती मंगल फॉन्टसकट आली विंडोज २०००पासून. तोपर्यंत श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्हीबी फॉन्ट, आणि आमच्या मध्य प्रदेशात टायपिस्ट हिंदीवरून आलेले असल्यामुळे कृतिदेव. या सगळ्यांत आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, कॅपिटल बी, एच. हे कळल्यावर एक युक्ती सुचली: सगळ्या इमेजमध्ये या पाच अक्षरांचा शोध घेतला आणि नाव बदललेल्या, नावच नसलेल्या चौदा फाइली सापडल्या, त्यात २००० सालच्या गणेशोत्सवाची संपूर्ण कार्यक्रमपत्रिका होती.

फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे आधी ओळखा. लिबरऑफिसमध्ये जुनी वर्ड फाइल उघडली की फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसतं, तो तुमच्या संगणकावर नसेल तर तिरक्या अक्षरांत. श्रीलिपीत तर मालिकेगणिक मांडणी वेगळी, त्यामुळे फॉन्टच्या नावातला आकडासुद्धा टिपून ठेवा. मग त्या त्या फॉन्टचं रूपांतर करणारं साधन वापरायचं आणि डोळ्यांनी तपासायचं. चूक कुठे होते ते ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की कच्चं साधन गोंधळतं आणि ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’, ‘वार्षिक’चं ‘वाषिर्क’ करून देतं. बऱ्याच जुन्या मराठी-हिंदी संकेतस्थळांवर हे अजून दिसतं. ‘र्क’, ‘र्त’, ‘र्ण’ने संपणारे शब्द शोधून काढले की निम्मं काम होतं. ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हिंदीसाठी बनवलेल्या साधनांना बहुधा माहीतच नसतो, ते हातानेच करावं लागतं. दिवसाला वीस-पंचवीस पानं, मार्च आणि एप्रिल यात गेले. आणि एक सांगून ठेवते: पत्राच्या मजकुरात जिथे अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली आहेत तिथे वेळ घालवू नका. वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने किंवा चुकीच्या संकेतनाने मूळ बाइटच टाकून दिलेली असते, ती कशानेही परत येत नाही. लोक रोमनमध्ये का लिहीत याचं हेही एक कारण. रोमनमधलं पत्र कुठेही गेलं तरी वाचता यायचं.

ब्राउझरच्या साठ्यातली पानं मात्र अपेक्षेपेक्षा सुस्थितीत निघाली. लाइन तोडून सावकाश वाचण्यासाठी लोक पानं साठवून ठेवत, ‘ऑफलाइन’ हा शब्द वहीतही दिसतो. त्यातली काही धार जिल्ह्याच्या ज्ञानदूतची, मंडीचे भाव. इथून साठेक किलोमीटरवर १ जानेवारी २०००ला तो प्रकल्प सुरू झाला होता. गावागावांत सूचनालयं, तिथे बसलेला सूचक, थोडक्या पैशांत खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल, भाव, तक्रार. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. तिथेही सगळं डायल-अपवर, आणि तिथेही वीज आणि फोनची लाइन हाच अडथळा. आमची हिरवी वही आणि ती सूचनालयं एकाच गरजेतून आलेली आहेत: एकट्याला न परवडणारी जोडणी दहा जणांनी वाटून घ्यायची.

२००५नंतर डिस्कवरचा मजकूर आटत जातो. १४ जानेवारी २००५ला बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएस हा वेग ब्रॉडबँड म्हणून मोजला जाऊ लागला, मिनिटांचा मीटर गेला. पत्रं वेबमेलवर राहू लागली. त्यानंतरचं शोधायचं असेल तर डिस्कमध्ये नाही, लोकांच्या पासवर्डमध्ये आहे.

चपलांच्या त्याच खोक्यात वाचनालयाच्या फोनची मूळ डिमांड नोट (जोडणी घेताना पैसे भरण्याचा मागणीकागद) सापडली. १९९३ची, अनामत ३,००० रुपये. रस्त्याच्या खोदकामात तांब्याची तार तुटल्यापासून फोन मुका होता, पण रीतसर बंद केलेला नव्हता. फोन बंद करून अनामत परत मिळावी म्हणून ३ फेब्रुवारीला बीएसएनएलकडे अर्ज दिला. अर्ज, शेवटच्या भरलेल्या बिलाची प्रत, डिमांड नोट, ओळखपत्र, रद्द केलेला धनादेश आणि फोनचं उपकरण असं सगळं सोबत लागतं, एकही कमी असला तर परत पाठवतात. आमचं अडलं ते नावावर. लाइन १९९३च्या चिटणीसांच्या व्यक्तिगत नावाने होती, ते २०११मध्ये गेले. मृत्यूचा दाखला, वारसांचं ना-हरकत पत्र, संस्थेच्या लेटरहेडवर आताच्या चिटणीसांचं पत्र, आणि संस्थेचा नोंदणी दाखला, एवढं जोडल्यावर अर्ज स्वीकारला गेला. पोचपावतीवर तारखेचा शिक्का मागून घ्या, पुढच्या तीन फेऱ्यांत दर वेळी तोच दाखवावा लागला. मधल्या काळात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्याचं तोंडी सांगत होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी लेखी स्मरणपत्र दिलं. शंभराव्या दिवशी, १४ मे रोजी, थकबाकी ४१२ वजा जाऊन २,५८८ रुपये खात्यात आले. संस्थेचा फोन कुणाच्या व्यक्तिगत नावावर असेल तर ती व्यक्ती असतानाच नाव बदलून घ्या.

खर्चाचं एकूण: अडॅप्टर ८५०, फ्लॉपी ड्राइव्ह १,४५०, दोन पेन ड्राइव्ह ९००, अल्कोहोल आणि कापूस १८०, छायाप्रती २४०. सगळे मिळून ३,६२० रुपये.

जूनमध्ये पेटी, मॉनिटर आणि वायरी अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे दिल्या. जाड मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तो अटालेवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी मागची नळी फोडतो. वजनाची पावती आणि त्यावर नोंदणी क्रमांक मागून घ्या. डेडस्टॉकमधून वस्तू कमी करायला ठराव, पावती आणि दोन सभासदांच्या सह्या लागल्या. नोंदवहीत संगणक १ नग, मॉनिटर १ नग यांपुढे ‘निर्लेखित’ असं लिहिलं. डिस्क आम्ही दिली नाही, ती कापडात गुंडाळून हिरव्या वहीशेजारी कपाटात आहे. मोडेम १ नग, यापुढे खजिनदार काकांनी स्वतःच्या हाताने ‘शिल्लक’ लिहिलं.